बंद करू नको म्हणाला होता

वहिनींचा फोन आला तेव्हा दिनकरचा लॅपटॉप माझ्या दुरुस्तीच्या दुकानातल्या टेबलावर उघडा पडला होता. ‘‘भावजी, गेले ओ...’’ एवढंच त्या म्हणाल्या. माझ्या मनात जो पहिला विचार आला, तो सांगायला लाज वाटते. वाटलं, आता त्याला कधीच कळणार नाही.

दिनकर माझा शाळेपासूनचा दोस्त. घर कसबा बावड्यात, धंदा तलावांतला गाळ मोजण्याचा. फायबरची छोटी होडी, पाण्याची खोली सांगणारं यंत्र आणि त्याला जोडलेला जुनाट लॅपटॉप. यंत्राचा प्रोग्राम त्या एकाच लॅपटॉपवर चालायचा, तो बनवणारे कधीच धंदा गुंडाळून गेले होते. बिजागरी सायकलच्या ट्यूबनं बांधलेली, आतली बॅटरी मेलेली, आणि हार्डडिस्क अशी की एकदा थांबली तर परत फिरेल याचा भरवसा नाही. म्हणून दिनकरनं तो बंद करायचंच सोडलं. होडीत इंजिनाच्या बॅटरीवर, घरी प्लगवर, आणि वाटेत मोटारसायकलच्या टाकीवरच्या पिशवीत स्कूटरची बॅटरी नि छोटा इन्व्हर्टर जोडून. वारं सुटून होडीत पाणी उडायला लागलं की छत्री लॅपटॉपवर, हा खुशाल भिजत बसायचा. पंख्याचं एक पातं तुटकं होतं, त्याची खर्र-टक, खर्र-टक चालू आहे ना, इकडं त्याचा कायम कान. एकदा कामावरून परस्पर एका लग्नाला आला आणि जेवायच्या आधी प्लग शोधत फिरला. स्पीकरवाला म्हणाला, ‘‘पावणं, काय लावताय चार्जिंगला?’’ ‘‘म्हातारं हाय आमचं,’’ दिनकर म्हणाला, ‘‘झोपलं तर उठायचं न्हाय.’’

मग त्याच्या किडन्या गेल्या. दवाखान्यात दाखल व्हायच्या दिवशी तो पिशवी घेऊन दुकानात आला, सुजलेल्या पायांनी. ‘‘धूळ तेवढी काढ. पर बंद करू नको हं मर्दा.’’

मी बंद केला. मुद्दाम नाही... माझ्या टेबलावर येणारं प्रत्येक यंत्र मी उघडायच्या आधी बंद करतो, इतक्या वर्षांची सवय. बोट आपोआप गेलं. खर्र-टक थांबली तेव्हा कळलं. पुढं सगळं करून पाहिलं. डिस्क गरम केली, हलके टोले दिले, पुण्याच्या एका जाणकाराकडं नेली. त्यानंही मान हलवली.

दवाखान्यात गेलो की त्याचा पहिला प्रश्न, ‘‘चालू हाय न्हवं?’’ आणि मी म्हणायचो, ‘‘हाय की.’’ बरा झालो की पयलं पाण्यावर जाणार, हे तो डॉक्टरांना, नर्सला, शेजारच्या खाटेवरच्यालाही सांगायचा. त्याच्याकडं धरून राहायला तेवढंच होतं. ते कसं काढून घेऊ?

एकदा फोनवर म्हणाला, ‘‘आवाज ऐकीव की.’’ मी दुसऱ्याच कुणाच्या तरी लॅपटॉपच्या पंख्याजवळ फोन धरला. बराच वेळ तो ऐकत राहिला...

‘‘टकटक थांबली की रं.’’

‘‘पातं बदललं,’’ मी म्हणालो.

‘‘बरं केलंस.’’

त्यानंतर त्यानं लॅपटॉपचं नाव काढलं नाही. पाण्यावर जायचंही बोलला नाही. मी जायचो, स्टुलावर बसायचो. तो माझ्या मुलांचं, पावसापाण्याचं विचारायचा. माझं खोटं त्याला कळलं होतं का, हे विचारायची हिंमत मला शेवटपर्यंत झाली नाही.

तेराव्याला बावड्याला गेलो. खिडकीखाली त्याचा प्लग होता. चुकून कुणी बंद करू नये म्हणून बटणावर त्यानं चिकटपट्टी लावलेली. वायर मोकळीच लोंबत होती, शेजारचा लाल दिवा मात्र चालू. निघताना वहिनी म्हणाल्या, ‘‘भावजी, लॅपटॉप आणून द्या सवडीनं. यांचे थोरले भाऊ होडी चालवतो म्हणत्यात. आणि आणताना बंद करू नका हं, त्यांनी सांगितलंय.’’

मी ‘‘बरं’’ म्हणालो.

वहिनी रविवारची पुरवणी वाचतात. तोंडानं सांगणं जमलं नाही, म्हणून इथं लिहिलं. उद्या सोमवारी लॅपटॉप घेऊन जाईन. ती चिकटपट्टी त्यांनी अजून काढलेली नसणार.