डाव्या बाजूचं अपेंडिक्स

कोथरूडच्या एका शाळेत मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. दरवर्षी वर्गात जास्वंदीची फुलं न्यायचो, ब्लेडनं उभी कापायचो आणि तळाचा हिरवट फुगवटा टाचणीनं दाखवत ठणकावून सांगायचो, "हे अंडाशय." मागच्या बाकांवर खसखस पिकायची. "हसताय काय? भेंडीच्या फुलातलं हेच वाढून भेंडी होते. डब्यात खाता ना?" आपल्याला या विषयाची मुळी लाजच नाही, असं मला वाटायचं.

गेल्या वर्षी ती घमेंड उतरली. लेकीच्या पोटात एकाएकी कळा सुरू झाल्या. डाव्या अंडाशयाला गाठीमुळे पीळ पडला होता, ते काढावं लागलं. पोर सव्वीस वर्षांची, नुकतीच स्थळं बघायला घेतलेली. दवाखान्यातच बायकोनं बजावलं, "अहो, कुणी विचारलं तर अपेंडिक्स सांगायचं." मी मान डोलावली. घरी आणताना जिन्यात शेजारच्या काकूंनी गाठलंच. मी "अपेंडिक्स" म्हणालो आणि हात ठेवला पोटाच्या डाव्या बाजूला.

लेक मागेच होती. घरात आल्यावर म्हणाली, "बाबा, अपेंडिक्स उजवीकडे असतं. तुम्हीच शिकवलंत." हसली मात्र नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोनेक महिन्यांनी वाघोलीचं स्थळ आलं. मंडळी यायच्या आधी तिनं मला गच्चीवर नेलं. "त्यांना खरं सांगा. मी काहीतरी चोरून ठेवलंय, असं जगायचं नाही मला. आईसमोर माझ्याच्यानं बोलवणार नाही. तुम्ही सांगाल?" मी बरं म्हणालो. पण तो शब्द घरात तोंडातून निघेल, याची मला मुळीच खात्री नव्हती.

पोहे झाले, चहा आला. मुलाच्या आईनं सहज विचारलं, "मध्ये आजारी होती म्हणे?"

"अपेंडिक्सचं छोटंसं ऑपरेशन," बायको चटकन म्हणाली.

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर टाळली असती, तर पुन्हा तिच्याकडे बघता आलं नसतं. मी घसा खाकरला. "अपेंडिक्स नाही. तिचं डावं अंडाशय काढलंय. उजवं उत्तम आहे. मूल व्हायला अडचण नाही, असं डॉक्टर म्हणतात."

मुलगा मोबाइल बघत राहिला. "कळवतो" म्हणून मंडळी उठली, आणि त्यांनी काही कळवलं नाही.

लेकीनं उरलेले पोहे स्वतःच वाढून घेतले. "आवाज अगदी वर्गातला लागला होता, बाबा," म्हणाली आणि खूप दिवसांनी पोटभर खाल्लं. मला रडू आवरेना.

बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी काकू कोथिंबिरीच्या निमित्तानं दारात आल्या. "काय हो, वाघोलीचं काय झालं?"

"नाही जमलं," बायको म्हणाली. काकू वळल्या, तशी तिनं त्यांना थांबवलं. "आणि काकू, ते अपेंडिक्स नव्हतं." स्वतःच्या पोटावर डावीकडे हात ठेवून ती म्हणाली, "अंडाशय होतं. इथलं."