पूर्ण खाली पडलेला खटका

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. मी पालीला घाबरतो, बायकोला घाबरतो, पण भुताखेतांच्या वाटेला कधी गेलो नाही. तरी हे लिहितोय...

आमचं घर वरोरला. मागे चिकूची वाडी, वाडीच्या टोकाला विहीर आणि मोटारीची खोली. माझे वडील – आम्ही त्यांना दादा म्हणायचो – विजेला फार मानायचे. मोटारीकडे कुणी निघालं की ओटीवरून हाक यायची, "मेन पाडलास काय रे?" उत्तराची वाट न बघता स्वतःच उठून पाडायचे. टीव्हीवरच्या मॅचची शेवटची ओव्हर कितीदा तरी त्या हाकेत बुडाली. मी त्यांची नक्कल करायचो, आणि सगळ्यात जास्त तेच हसायचे.

तीन वर्षांपूर्वी दादा गेले. मग मी जुने फ्यूज काढून एमसीबी बसवल्या आणि घरात व्याख्यान दिलं. "जास्त करंट गेला की आतली पट्टी तापून वाकते, शॉर्ट झालं की चुंबक ओढतं, खटका आपोआप पडतो. आई, आता ओल्या हातानेसुद्धा बिनधास्त मोटार लाव!" अर्धं यूट्यूबवरचं, अर्धं माझ्या मनाचं. आईने नेमकं मनाचं तेवढं लक्षात ठेवलं.

मागच्या एप्रिलातली गोष्ट. सकाळचे दहा. बायको तलासरीला माहेरी, आई वाडीत पाणी लावायला गेलेली. घरात मी एकटा, ओटीवर पेपर वाचत. आत बोर्डावर आवाज झाला – खट्! पंखा थांबला. मेन एमसीबी पडलेली. मी खटका वर केला, येऊन बसलो. मिनिटभरात पुन्हा खट्. "च्यायला, नवीन माल असलाच!" म्हणत पुन्हा वर केला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा मात्र वैतागून मोटारच बघायला निघालो.

मोटारीच्या खोलीत आई अनवाणी, साचलेल्या पाण्यात उभी. एक हात मोटारीवर टेकवून गळक्या पाइपला चिंधी बांधत होती.

"अगं, काय करतेस?"

"पाइप गळतोय. आणि तुझी लाइट काय खेळ करते रे? हात लावायला वाकले की जाते, सरळ झाले की येते."

आमचा वायरमन दिनेश दुपारी गंजाडहून आला. आम्हा दोघांना बाहेर काढून त्याने लाइट चालू केली, मोटारीला टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

"काका, बॉडीत करंट उतरलाय. अर्थिंगची तार तुटलेली आहे."

"म्हणून तर एमसीबी पडली!" मी, तज्ज्ञ.

"नाय हो काका. एवढ्याशा करंटला ती पडत नाही. माणूस चिकटला तरी पडत नाही. असा गळणारा करंट ओळखायला ईएलसीबी लागते, ती तुमच्याकडे नाहीच." मग घरात येऊन तो बोर्डावरचा खटका वर-खाली करून बघू लागला. "पडली तेव्हा खटका मध्ये अडकलेला, की पूर्ण खाली?"

"पूर्ण खाली. तिन्ही वेळा."

"ह्या मॉडेलमध्ये आपोआप पडली तर खटका मध्येच थांबतो. पूर्ण खाली म्हणजे हाताने पाडलेली. घरात कोण होतं?"

मी होतो. आणि मी तर ती दोनदा चालू केली होती... आई तिथे उभी असताना.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं, माझ्या व्याख्यानाची चूकसुद्धा. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जन्मभर ओरडले ते, तुम्ही नकला केल्यात. म्हणून ह्या वेळी ओरडले नसतील."

दिनेशने एमसीबी काढून तपासली. ठणठणीत. उंदीर, पाल, सैल स्प्रिंग, माझ्याच डोळ्यांचा दोष – सगळं धरून बघितलं. उंदीर एकदा पाडेल हो, पण तीनदा? आणि नेमकी आई वाकतानाच? मला आजही सांगता येत नाही.

मोटार दुरुस्त झाली, ईएलसीबीही बसली. त्यानंतर आई पहिल्यांदा पाणी लावायला निघाली, तेव्हा मी बोर्डाखाली स्टूल टाकून बसलो. गरज नव्हती, मला माहीत होतं. ती परत आली आणि दारातच थबकली.

"इथे काय करतोस रे?"

"पेपर वाचतोय."

पेपर बाहेर ओटीवरच राहिला होता. आई पाय धुवायला मोरीकडे गेली.