न रडणारं मूल

नलूताई गेल्याचं त्यांच्या मुलानं शेजारच्या दुकानातल्या फोनवर कळवलं. धंतोलीच्या दवाखान्यात, सकाळीच... मी फोन ठेवला आणि जाऊन बालवाडीचं कुलूप उघडलं. दुसरं काय करावं ते सुचेना. आम्हा दोघींची उमेदीची सारी वर्षं त्या एका खोलीत गेली होती.

गिरणी कामगारांची वस्ती. बायका पहिल्या पाळीला जात आणि पोरं आमच्याकडे येत. बालवाडी म्हणजे गाणी म्हणायची आणि सुकडीचा खाऊ वाटायचा, असं लोकांना वाटे. नलूताई मात्र सकाळी दारात उभ्या राहत आणि आत येणाऱ्या प्रत्येक मुलाला काहीतरी विचारत. उत्तर आलं, शिवी आली, भोकाड आलं, तरी त्यांना चालत असे. गप्प मूल आलं की त्या अस्वस्थ होत.

छबी तीनेक वर्षांची असेल. आजी तिला सोडून जायची. बसवलं तिथे ती बसून राहायची, आजी निघाली तरी वळून पाहत नसे. एक तरी शांत मूल मिळालं म्हणून मला बरं वाटलं होतं. नलूताई म्हणाल्या, "ही पोट्टी रडत काहून नाही?" त्यांनी तिची हनुवटी वर केली. खोलीत अंधार होता, तरी डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या.

आजीनं काही लपवलं नाही. घरी तान्हं होतं, विड्यांचं काम होतं. "अफू देतो, बाई. मोहरीएवढी. तुमच्या मायनंबी देल्ली असन, म्हणून त गुपचूप बसून इतक्या शिकल्या."

मी भांडायच्या बेतात होते. नलूताईंनी माझा हात दाबला. आजी गेल्यावर म्हणाल्या, "भांडलो त उद्यापासून पाठवणार नाही. मंग तिले पाहीन कोण?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आजीला गोडीत सांगितलं, "उठल्याबरोबर आणून द्या मले. बोंबलू द्या तिले. फक्त काही देऊ नका." अफू सुटेपर्यंतचे पहिले काही दिवस कठीण गेले. छबी थरथरायची, ओकायची, किंचाळायची. तिला कडेवर घेऊनच नलूताई बाकीच्यांची गाणी घेत. होळीच्या सुमारास ती एका मुलाला कडकडून चावली. बक्षीस मिळाल्यासारख्या नलूताई ते सांगत सुटल्या.

पण मे महिन्याची सुटी जवळ येऊ लागली. सुटीत खोली उघडी ठेवू द्या, असं त्यांनी बालवाडी चालवणाऱ्या संस्थेला विनवलं. "उन्हाळ्यात कोण येते, बाई?" असं उत्तर मिळालं. मग त्या स्वतःच रोज सकाळी वस्तीत जाऊन छबीला आपल्या घरी आणू लागल्या. मधे भावाच्या लग्नाला अमरावतीला जावं लागलं. आजीकडून वचन घेऊनच त्या गेल्या.

परतल्या त्या बस स्टँडवरून थेट वस्तीत. दारावर ओलं पोतं टांगलेलं होतं. आजी बाहेर विड्या वळत होती. "झोपली आहे," ती म्हणाली, "लय गुणाची झाली आता. सकाळपासून आवाज नाही."

मे महिन्याच्या त्या दुपारी छबीचे हातपाय गार होते. "मी हाक मारली..." एवढंच नलूताई सांगत. छबी गेली होती.

पुढच्या उन्हाळ्यापासून त्यांनी परवानगी न विचारता खोली उघडली. संस्थेची नोटीस आली. त्यांनी ती वाचली आणि सुकडीचं पातेलं चुलीवर ठेवलं.

नलूताईंचे दिवस झाल्यावर मी हुडकेश्वरला त्यांच्या मुलाकडे गेले. सून चहा करता करता सांगत होती. "आई झोपलेल्या बाळाले उठवत. मी चिडायची, इतक्या मुश्किलीनं झोपलं, काहून उठवता? त म्हणत, ओ देते का पाहून राहिली होती..."

छबीचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

बोलता बोलता तिनं गॅस बंद केला आणि ती आतल्या खोलीत गेली. बाळाच्या नावानं हाक ऐकू आली. थोडं थांबून पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं. मी पुढे सरकून बसले.

मग बाळानं भोकाड पसरलं. ते खांद्यावर घेऊन ती बाहेर आली आणि माझ्याजवळ टेकली. त्याला गप्प करायची घाई आम्हा दोघींनाही नव्हती.