रिठ्याच्या पाण्यातले पैंजण

मुलगी झोपल्यावर तिचे पैंजण काढून रिठ्याच्या पाण्यात घासायला घेतले की त्या वासाबरोबर मला विमानतळ आठवतो. मुलीला ऑटिझम आहे, ती बोलत नाही, आणि टिटवाळ्याच्या घरातून कधी बाहेर पळेल याचा नेम नाही, म्हणून लहानपणापासून तिच्या पायात घुंगरांचे पैंजण आहेत. हे मस्कतला कामाला. फोनवर म्हणायचे, "तिला चालव गं जरा, ऐकू दे." मग एकदा त्यांनी आम्हाला तिकडेच राहायला बोलावलं. तपासणीत मशीन वाजलं. "ताई, पैंजण काढा," तिथली बाई म्हणाली. "पायाला हात लावू देत नाही हो ती." "मग विमान जाईल, मी काय करू?" मी तिचे पाय मांडीखाली दाबून ते ओढून काढले. विमानात ती पाय आपटत राहिली, आवाज येईना म्हणून आणखी जोरात, मग किंचाळून समोरच्या सीटवर डोकं आपटायला लागली. पैंजण परत घालायला गेले तर मला चावली. दार लागायच्या आधी आम्हाला उतरवलं. घरी परतताना शीळफाट्याला टॅक्सी अडकलेली, ती दमून माझ्या अंगावर झोपलेली, तेवढ्यात ह्यांचा फोन आला. "तिला तुझ्या आईकडे ठेवून एकटीच आली असतीस तर?" फोन ठेवून, ती झोपेत असतानाच मी पैंजण परत तिच्या पायात घातले. पुन्हा त्यांनी बोलावलं नाही. फोन आला की मी अजून तिला चालवते. ते म्हणतात, "मागे कसला आवाज येतोय? जरा बाजूला जाऊन बोल."