वजनाचा दिवस

पारनेर तालुक्यातल्या एका वस्तीवर मी अंगणवाडी सेविका होते. वजन फारच कमी भरलेल्या मुलांना आमच्याकडे जादा आहार मिळायचा. एका मजूर बाईची दोन वर्षांची मुलगी तो खाऊन जेमतेम सावरली आणि यादीतून बाहेर पडली.

"उद्यापासून जादा आहार बंद," मी तिच्या आईला सांगितलं.

"घरात तेवढं न्हाई, बाई. वजन कमी भरलं असतं तर मिळालं असतं?"

"हो," मोबाईलवर माहिती भरता भरता मी म्हणाले.

पुढच्या महिन्यात तिनं मुलीला काट्यावर बसवलं. पोर रडलीसुद्धा नाही. वजन खाली आलं होतं, आणि आईला हायसं वाटलेलं मला स्पष्ट दिसलं.

"आजारी होती का?"

"न्हाई. दोन दिस निस्तं पानी दिलं. तुमीच म्हनला हुता."

"आई आहेस का वैरीण?" सगळ्या बायकांसमोर मी तिला बोलले. ती खाली मान घालून उभी राहिली, पण हलली नाही. मी मुलीचं नाव यादीत घेतलं आणि तिला लापशी भरवली. तिनं ती तिथंच ओकून टाकली.

वजन घटण्याचं कारण म्हणून मी 'आजारपण' असं लिहिलं.