गोपीनाथचा शिग्राम

ठाण्यात रेल्वे येऊन एक पिढी उलटली, तरी कोपरीचा गोपीनाथ तिच्यात एकदाही बसला नव्हता. दारात आपली बैलं असताना दुसऱ्याच्या इंजिनामागं कशाला लागायचं, असं त्याचं म्हणणं. मिठागरात जन्म गेलेला माणूस. अंगानं काटक, रंगानं तव्यासारखा, आणि एकदा मनात घेतलं की मागं न फिरणारा. त्याच्या हातची मिठाची रास गावात नावाजलेली. पावसाळ्याआधी तो राशीवर भाताचा पेंढा असा दाबून बसवायचा, वर चिखल असा लिंपायचा, की दिवाळीत उघडली तरी मीठ जसंच्या तसं.

अशा माणसानं लिलावात साहेबाचा जुना शिग्राम घेतला, तेव्हा अख्खं कोपरी बघायला लोटलं. चारी बाजूंनी बंद गाडी, दोन दारं, काचेच्या खिडक्या, आत समोरासमोर चामड्याच्या गाद्या. कोणी विचारलं, यात मीठ किती मावेल. कोणी म्हणालं, गोपीनाथ आता मिठागरात बूट घालून उतरणार.

कारण वेगळंच होतं. त्याच्या लेकीची, तुळसाची सोयरीक नौपाड्यात जमली होती. सुपारी फुटली त्या दिवशी विहीण बायजा पान लावता लावता हसून म्हणाली, मिठागरातली सून येणार म्हणजे ओटा रोज दोनदा सारवायला लागणार, खाजणातला चिखल काय पायाचा लवकर सुटतोय. सगळे हसले. गोपीनाथही हसला. उठताना मात्र दारात थांबला.

"ईनबाय, माझ्या पोरीचा पाय तुमच्या उंबऱ्यापातूर भुईला लागणार नाय."

कोपरीहून नौपाडा म्हणजे चालत निघालं तर तोंडातलं पान रंगेपर्यंत पोचावं. पण शब्द गेला होता. लग्न तुळशीच्या लग्नानंतर, कार्तिकात. तोवर मधला पावसाळा शिग्रामानं सुखरूप काढायचा होता.

जेठ लागता लागता गोपीनाथनं शिग्राम खाडीवर नेऊन चाकांपासून गाद्यांपर्यंत लख्ख धुतला. संध्याकाळी आभाळ भरून आलं, म्हणून तसाच घाईनं परसात आणला, दारं-खिडक्या गच्च लावल्या आणि आपल्या हुकमी हातानं त्याची रास करून टाकली. खाली पेंढा, वर पेंढा, त्यावर चिखलाचा लेप. परसात एक नवी टेकडी उभी राहिली. त्याची बायको सखुबाई म्हणाली, एकदा ऊन तरी दाखवायचं होतं. त्यानं तिला ऐकवलं की इतकी वर्षं राशी झाकतोय, एक थेंब आत गेलेला दाखव.

श्रावणभर तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ती टेकडी दाखवत होता. गौरीच्या आधी सखुबाई गोवऱ्या काढायला परसात गेली नि नाकाला पदर लावून परतली. तिनं कोयत्यानं एका अंगाचा लेप फोडला आणि दार ओढलं.

आत छपराला घाम फुटला होता. थेंब टपटप गादीवर पडत होते. गादीवर पांढरी-हिरवी बुरशी, मखमलीसारखी. गोपीनाथनं आधी छपराला, मग तळाला हात लावून भोक शोधलं. भोक कुठंच नव्हतं.

"भायेरशी थेंब नाय आला," तो म्हणाला.

"येईल कुठून? धुतलंत तेवढं समदं पानी आत कोंडून ठेवलंत. वर वला पेंढा, खाली वली भुई. अवो, मिठाला श्वास लागत नाय. चामड्याला लागतो."

त्या दिवशी तो जेवला नाही. ओट्यावर बसून नौपाड्याच्या दिशेनं बघत राहिला. वास मारणाऱ्या गाडीतून उतरणारी पोर आणि नाकाला पदर लावणारी बायजा त्याला दिसत असणार. मग उठला आणि स्वतःच्या हातांनी स्वतःची रास मोडली.

पुढचे दिवस घरात शिग्रामाचंच कौतुक. चाकं ताडाच्या ओंडक्यांवर चढवली, म्हणजे खालून वारा खेळेल. गाद्या उसवून काथ्या काढला आणि चुलीच्या वरच्या माळ्यावर पसरला. बुरशी तुळसानं कोरड्या फडक्यानं पुसली, चामड्याला खोबरेल चोळलं. वर झावळ्यांचं छप्पर केलं, चारी बाजू मोकळ्या, शिग्रामाची दारं सताड उघडी. उघाड पडली की आत शेगडी, तिच्यात कडुनिंबाचा पाला. शेजारी विचारत, गोपीनाथ, आत कोण बाळंत झालंय. तो म्हणे, होईल तेव्हा सांगतो.

दिवाळीपर्यंत गाद्या भरून झाल्या आणि शिग्राम कोरडा खडखडीत झाला.

पाठवणीला बापानं जायचं नसतं, असं चारचौघांनी सांगितलं. तो म्हणाला, बाप कुठं जातोय, गाडीवान जातोय. तुळसाला उचलून आत ठेवली आणि बैल हाकले. नौपाड्यात ओट्यावर बायजा भाकरतुकडा घेऊन उभीच होती. गोपीनाथनं गाडी नि ओट्याच्या मधे पाट मांडला, दार उघडलं आणि पोरीला हात दिला.

तेवढ्यात गादीखालून फडफड झाली. गोपीनाथच्या परसातली लाल कोंबडी बाहेर आली, पाटावर उतरली, मान डोलावत ओटा चढली आणि उंबरा ओलांडून घरात गेली. दोन महिने दार उघडं मिळाल्यावर तिनं आत बिऱ्हाडच थाटलं होतं.

वाजंत्री थांबली. गोपीनाथचं तोंड मिठासारखं पांढरं पडलं. बायजानं कोंबडीच्या पावलांचे ताज्या सारवलेल्या ओट्यावर उमटलेले ठसे पाहिले, मग सुनेकडं पाहिलं.

तुळसा आतूनच म्हणाली, "आत्याबाय, ती माझ्यासंगं नाय आली. मीच तिच्या गाडीतना आले. माझे पाय बघा, कोरडे हायत."

बायजा हसता हसता ओट्यावर बसली. मग उठली, डोळे पुसले आणि घरातला दुसरा पाट आणून आपल्या हातानं उंबऱ्याला भिडवला.

कोंबडी नौपाड्यातच राहिली. शिग्राम दोन्ही दारं उघडी टाकून कोपरीला परतला.