फाशी गेलेली खाणावळवाली

धारूरच्या शाळेत इतिहास शिकवायला लागलो, तेव्हा मी, बँकेतला एक कारकून आणि एक तलाठी असे तिघं एका विधवा मावशींच्या माडीवर राहायचो. जेवणही त्यांच्याकडेच. मावशी प्रेमळ, पण आठवड्यातले चार दिवस पिठलं. स्टँडजवळच्या नव्या खाणावळीत बुधवार-रविवार मटण मिळायचं. आम्ही दार लावून ठरवलं, एक तारखेपासून तिकडं जेवायचं. मावशींना सांगायचं कुणी? चिठ्ठ्या टाकल्या. माझी निघाली.

रविवारी ताटावर बसलो, पण सुरुवात कुठून करावी सुचेना. म्हणून अमेरिकेतून केली. म्हटलं, "मावशी, दीडशे वर्षांमागं तिकडं तुमच्यासारखीच एक बाई होती. विधवा. घरात भाडेकरू ठेवायची, त्यांना जेवू घालायची. तिच्याकडं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी देशाच्या अध्यक्षाला मारायचा कट केला. एकानं नाटक बघत बसलेल्या अध्यक्षाला गोळी घातली. कटात सामील म्हणून बाईला फाशी झाली. मला काही ठाऊक नव्हतं, म्हणत राहिली बिचारी."

"तिला लेकरंबाळं?"

"मुलगा होता. तोही त्यांच्यातलाच. पण तो पळाला."

"आईला फासावर सोडून? मेल्याला लाज न्हाई वाटली?"

आता हळहळतील, मग हळूच विषय काढावा, असं मनात होतं. पण मावशींनी माझ्या ताटात पिठलं वाढलं आणि म्हणाल्या, "तिला ठावं असणार."

"कावून हो मावशी?" कारकून म्हणाला. "दुसऱ्याच्या पोटातलं तिला कसं कळंल?"

"रोज वाढणारीला कळत न्हाई व्हय? कट शिजाय लागला की माणसाचं भाकरीवरनं ध्यान उडतं. दार लावून बोलतो. मी जिन्यात आले की क्रिकेटच्या गप्पा! सोमवारपासून तुमी तिघं तेच करताय."

तलाठ्याला ठसका लागला. "आमी कुणाचा खून न्हाई करणार मावशी," तो कसाबसा बोलला.

"मग काय करणार हाय? बोला गुर्जी."

चिठ्ठी माझीच होती. शेवटी मी म्हणालो, "मावशी, पिठलं लई होतंय. स्टँडजवळच्या खाणावळीत मटण मिळतंय, एक तारखेपासून तिकडं जेवावं म्हणतोय."

मावशी पदर खोचत आत गेल्या. भांडी जोरात आपटल्याचा आवाज आला. मला फार अपराधी वाटलं. थोड्या वेळानं त्या दारात आल्या. "माझ्या गळ्यात माळ हाय. मी मटणाला शिवायची न्हाई. अंगणात चूल मांडून देते. तुमचं तुमी करून खावा."

बुधवारी आम्ही अंगणात धुरानं डोळे चोळत मटण शिजवत होतो. मावशी नाकाला पदर लावून उंबऱ्यात उभ्या. आधी म्हणाल्या, वासानं मळमळतंय. मग म्हणाल्या, "अजून खोबरं टाका. आन् त्या तलाठ्याच्या हातात मिठाचा डबा देऊ नका, त्याला कशाचाच अंदाज न्हाई."

स्टँडवर आम्ही गेलोच नाही. त्या अमेरिकन बाईविरुद्ध पुरावा कच्चा होता, हे मात्र मी मावशींना वर्षभर सांगून थकलो.